सात जणींचा सीझन

ऑक्टोबर लागला की भिवंडीजवळच्या वळ गावातल्या गोडाऊनमध्ये एकच शब्द ऐकू येतो. सीझन. सीझन चालू झालाय, सीझनभर सुट्टी मागू नका, सीझन संपला की बघू. इथे सीझन म्हणजे दिवाळीआधीचं पॅकिंग. पाऊस गेलेला असतो, रस्त्यातला चिखल वाळून त्याची धूळ झालेली असते, आणि कंटेनरची रांग थेट नाक्यापर्यंत जाते. मी सकाळच्या शिफ्टची इन्चार्ज आहे. दाराच्या आत उभी राहून येणाऱ्या मुली मोजते. एखादी कमी भरली की मी घाबरते.

खरं तर घाबरायचं काही कारण नाही. एक मुलगी नाही आली तर एजन्सीवाला दुसरी पाठवतो. मला कोणी बोलत नाही. तरी मी पुन्हा पहिल्यापासून मोजते, आणि उशिरा येणारी ती मुलगी धापा टाकत आत शिरली की मला तिला रागावायचं सुचत नाही, नुसतं बरं वाटतं. माझ्याबरोबर काम करणाऱ्या एक बाई एकदा म्हणाल्या, "मॅडम, तुमी तर अशा बघता जशी काय ती लढाईवरून परत आली." मी हसले. त्यांना काय सांगणार की ही भीती गोडाऊनची नाही. ती कॉलेजच्या शेवटच्या वर्षातली आहे आणि दर ऑक्टोबरला उन्हाबरोबर परत येते.

त्या वर्षी आमच्या कॉलेजात पहिल्यांदा मुलींची फुटबॉल टीम झाली. टीम केली रुखसारने. ती माझ्याच वर्गात, कॉमर्सला. तिचं घर यंत्रमागांच्या, म्हणजे लूमच्या गल्लीत. लहानपणी भावांबरोबर त्याच गल्लीत खेळत ती शिकली होती. वर्गावर्गात जाऊन तिने मुली गोळा केल्या. कोणाला धावता येतं, कोणाला घरून सोडतात, कोणाला नुसतीच हौस आहे, एवढंच बघितलं. माझ्याकडे आली तेव्हा म्हणाली, "पल्लवी, तू उंच आहेस ना. बस. गोलमध्ये उभी राहा."

"मला पळता येत नाही गं."

"इसीलिए तो गोलमध्ये."

अशा अकरा झालो. बारावी मिळाली नाही. बदली खेळाडू म्हणून बाकावर बसायला आमच्याकडे कोणीच नव्हतं. त्या बाकावर आमच्या पिशव्या बसायच्या आणि शेजारी म्हात्रे मॅडम.

म्हात्रे मॅडम केमिस्ट्रीच्या. मुलींबरोबर एक बाई हवीच असा नियम होता, आणि दुसरं कोणी तयार झालं नाही म्हणून त्या आल्या. फुटबॉलमधलं त्यांना काही कळत नव्हतं. पहिल्या दिवशी त्यांनी रुखसारला विचारलं, "हा खेळ किती वेळ चालतो?" आणि उत्तर ऐकून म्हणाल्या, "एवढा?" त्यांच्या पिशवीत ग्लुकोजची पावडर, बँडेज, सेफ्टी पिना, केसांचे रबर, कुठल्याशा मलमाची ट्यूब आणि एक घडीची छत्री असायची. गाडीत चढताना त्या आम्हाला मोजायच्या, उतरताना मोजायच्या, आणि मधे पेट्रोल पंपावर गाडी थांबली तर तिथेही मोजायच्या. आम्ही मागे बसून हसायचो. पुढे पुढे हसेनाशा झालो, कारण तोवर आम्हीही मनात मोजायला लागलो होतो.

आमचं मैदान म्हणजे कॉलेजच्या मागची मोकळी जागा. माझ्या गोलच्या पाठीमागे भिंत, आणि भिंतीपलीकडे लूम. दिवसभर खटखट. कापसाचं तूस उडून येऊन गोलच्या जाळीला चिकटायचं. सरावाच्या वेळी मधेच लाइट गेली की लूम एकदम बंद पडायचे, आणि त्या शांततेने आम्ही सगळ्या दचकून थांबायचो. बाहेरचा कोणी असता तर आवाजाने दचकला असता. भिवंडीच्या कानांना आवाज बंद झालेला खपत नाही.

प्रिन्सिपॉल सर वाईट नव्हते, पण त्यांना या प्रकरणाची खात्री नव्हती. त्यांनी रुखसारला आणि मॅडमना बोलावून सांगितलं, "पाच मॅच आहेत. हरलात तरी चालेल. पण पाचही पूर्ण खेळल्या पाहिजेत. अर्ध्यात सोडलं तर पुढच्या वर्षी मुलींची टीम विसरा."

पहिली मॅच आम्ही हरलो. कोणालाच वाईट वाटलं नाही. मॅडमनी रेफरींना जाऊन विचारलं, समजा एखादी आजारी पडली तर काय? ते म्हणाले, "सात जणी असल्या तरी मॅच होते. साताच्या खाली गेल्या की जागच्या जागी संपते."

मॅडम खुशीत परत आल्या. "म्हणजे आपल्याकडे चार जास्तीच्या आहेत."

रुखसार बुटाची नाडी सोडत होती. मान वर न करता ती म्हणाली, "जास्तीच्या नाहीत मॅडम. चार जणी जाऊ शकतात, इतकंच."

गोलकीपरला आपल्या टीमचे चेहरे दिसत नाहीत, पाठी दिसतात. माझ्यासमोर दहा पाठी होत्या. त्या मला पाठ झाल्या होत्या. कोणाची वेणी कमरेपर्यंत, कोणाचा खांदा एका बाजूला कललेला, कोणाची जर्सी भावाची म्हणून गुडघ्यापर्यंत आलेली. रुखसार बॅकला, म्हणजे माझ्या अगदी पुढ्यात. डोक्याला काळा स्कार्फ घट्ट बांधलेला, आणि हात सारखे मागे करून मला खुणा करत असायची. डावीकडे सरक, पुढे ये, थांब. सगळ्यात लांब, पार पलीकडच्या गोलजवळ, सुगंधाची बारीकशी पाठ. ती अकलोलीजवळच्या एका पाड्यावरून यायची. तिच्याएवढं वेगाने पळणारं माणूस मी आजवर पाहिलेलं नाही. बोलायची अगदी कमी.

पहिली गेली ती डाव्या बाजूला खेळणारी मुलगी. घरी पाहुणे येऊन गेले, त्यांनी पसंत केली, आणि उन्हात पळणं बंद करा, रंग उतरतो, असं सांगून गेले. तिने जर्सी धुऊन, इस्त्री करून भावाबरोबर पाठवली. दुसरी स्कूटीवरून खड्ड्यात पडली. मैदानावर तिला कधी खरचटलंही नव्हतं, आणि बाजारातून भाजी आणताना पाय मोडून बसली. मग राहनाळच्या दोघी बहिणी. त्यांच्या घराजवळच्या गोडाऊनला सीझन चालू झाला होता. रात्रीची शिफ्ट करून त्या एका मॅचला आल्या. धाकटी उभ्या उभ्या पेंगत होती, बॉल तिच्या पोटावर येऊन आदळला तेव्हा जागी झाली. दुसऱ्या दिवशी थोरलीने ग्रुपवर लिहिलं, 'आता जमणार नाही ग. घरी गरज आहे.'

चार गेल्या. तीन मॅच झाल्या होत्या, दोन बाकी होत्या, आणि आम्ही बरोबर सात जणी उरलो होतो.

त्यानंतरच्या दिवसांची आठवण म्हणजे सकाळचा फोन. रुखसार उजाडताच ग्रुपवर लिहायची, 'कौन कौन?' मग एकेक जण 'मी' म्हणून लिहायची. मी अंथरुणात पडल्या पडल्या ते 'मी' मोजत असे. सहा आले आणि सातवा येईना, तर मी फोन खाली ठेवत नसे. कोणाला ताप आला असेल का. कोणाच्या घरी पाहुणे आले असतील का. कोणाची पाळी, कोणाची परीक्षा, कोणाच्या आजीला काही. आई चुलीशी नाश्त्याच्या तयारीत असायची. ती तिकडून म्हणायची, "सकालच्या पारी त्या मोबाइलमंदी काय बघतेस? कोनाचा जीव गेला हाय काय?"

"न्हाय गं. एक जण राहिलेय."

"मंग राहू दे. तू ऊठ."

आईचं खरं होतं. पण मला ते जमत नव्हतं. एका सकाळी सातवा 'मी' आलाच नाही. तो सुगंधाचा होता. दुपारी तिचा फोन लागला तेव्हा ती एवढंच म्हणाली, "कापनी हाय. बा न्हाय म्हनतो."

रुखसार आणि मी दुसऱ्या दिवशी एसटीने वज्रेश्वरीला उतरलो आणि चालत पाड्यावर गेलो. दोन्ही बाजूंना भात पिवळं पडलेलं. सुगंधाचे वडील बांधावर बसून विळ्याला धार लावत होते. आम्हाला पाहून त्यांनी सुगंधाला पाणी आणायला सांगितलं. रुखसारने सगळं सांगितलं, सात जणींचं, प्रिन्सिपॉल सरांचं, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तिकडं ती आली न्हाय तं तुमचा खेल थांबल. इकडं ती आली न्हाय तं माजं भात गलून जाल. आता तुमीच सांगा, मी कोनाचं ऐकू?"

ते खरोखरच विचारत होते. टोमणा नव्हता त्यात.

थोड्या वेळाने तेच म्हणाले, "असं करा. तिचा एक दिस तुमी नेता, तं तुमी एक दिस इकडं या. किती हाव तुमी?"

"सहा," मी म्हटलं. "तिला सोडून."

"मंग या रविवारी."

रविवारी आम्ही सहा जणी गेलो. सातव्या म्हात्रे मॅडम, छत्री घेऊन. आमच्यापैकी दोघींनी विळा धरलेला होता, बाकीच्यांनी नाही. सुगंधाच्या आईने आमच्या हातांकडे पाहून तिघींच्या हातचे विळे काढून घेतले आणि पेंढ्या बांधायला लावलं. दुपारपर्यंत भाताच्या पातींनी हात चिरले होते, कानात, मानेवर, जर्सीच्या आत कुसळं टोचत होती. मॅडम बांधावर छत्रीखाली उभ्या होत्या. मधेच त्यांचा बारीक आवाज यायचा, एक, दोन, तीन, चार. भातात वाकलेली मुलगी दिसेनाशी झाली की त्या घाबरायच्या. सुगंधाच्या आईने त्यांना विचारलं, "बाई, कोन पलून जाल हितून?" मॅडम म्हणाल्या, "पळून नाही हो. साप असतात ना." त्यावर त्या माउलीने इतकं मनापासून हसून घेतलं की मॅडमही हसल्या.

संध्याकाळी परतताना सुगंधा आम्हाला अकलोलीच्या कुंडांवर घेऊन गेली. आम्ही सगळ्या काठावर बसलो आणि गरम पाण्यात पाय सोडले. त्या गंधकाच्या वासासकट ती संध्याकाळ माझ्याजवळ आहे. चिरलेले हात चुरचुरत होते, पाय हलके होत होते, आणि सात जणी एका ओळीत बसल्या होत्या, मोजायचीसुद्धा गरज नव्हती. त्या सीझनमध्ये मला भीती वाटली नाही अशी तेवढीच एक वेळ. रुखसार पाण्यात अंगठे हलवत म्हणाली, "मॅडम, तुमी पण पाय टाका ना." मॅडमनी आजूबाजूला बघितलं, चपला काढल्या, साडी थोडी वर धरली आणि पाय सोडले.

चौथी मॅच आम्ही सात जणींनी खेळली. समोर अकरा. गोल झाले, पुष्कळ झाले. मला त्याचं काही वाटत नव्हतं. माझं लक्ष बॉलकडे नसायचंच. समोरच्या सहा पाठींतली एखादी खाली गेली की नजर तिथेच अडकायची. ऊठ, ऊठ, ऊठ, असं मी तोंडातल्या तोंडात म्हणत राहायचे. उठली की श्वास सोडायचे. तोवर बॉल जाळीत गेलेला असायचा. शेवटची शिट्टी वाजली तेव्हा समोरच्या टीमला वाटलं असणार की या पोरी वेड्या आहेत, एवढ्या हरून नाचतायत कशाला.

एकच राहिली होती.

शेवटच्या मॅचला जाताना म्हात्रे मॅडमनी इको व्हॅन सांगितली होती. आधी आम्हाला दोन गाड्या लागायच्या. आता सात मुली आणि मॅडम एका गाडीत दाटीवाटीने मावलो. मैदान कल्याणच्या बाजूला होतं. ऊन असं की मैदानातलं गवत वाळून बुटाखाली करकर वाजत होतं. समोरच्या मुली तयारीच्या होत्या, पण वाईट नव्हत्या. आमची संख्या पाहून त्यांची कॅप्टन रुखसारला म्हणाली, "एवढ्याच?" रुखसार म्हणाली, "पुरे आहेत."

मध्यंतरापर्यंत तीन गोल झाले. नंतर आणखी दोन. वेळ सरत आला होता. मैदानाबाहेर मॅडम उभ्या होत्या. एक डोळा घड्याळावर, एक आमच्यावर. मला वाटायला लागलं होतं की झालं, सुटलो आपण.

समोरच्या टीमला कॉर्नर मिळाला. बॉल उंच आला. रुखसार माझ्या पुढ्यातच होती, ती उडी मारून वर गेली, समोरची एक मुलगी तिला येऊन धडकली, आणि रुखसारचं डोकं माझ्या डाव्या हाताच्या गोलच्या खांबावर आपटलं. तो आवाज मी कधी कोणाला सांगू शकले नाही. लोखंडी खांब होता.

ती खाली पडली आणि लगेच उठली. कपडे झटकले. रेफरी धावत आले. "ठीक आहेस?"

"एकदम," ती म्हणाली, आणि स्कार्फ नीट केला.

खेळ पुन्हा सुरू झाला. जरा वेळाने ती माझ्याकडे वळली. "किती झाले गं?"

"पाच."

"ओके."

बॉल लांब सुगंधाकडे गेला होता. रुखसार पुन्हा वळली. "किती झाले?"

मला वाटलं, ऐकू आलं नसेल. "पाच-शून्य," मी मोठ्याने म्हटलं. तिने मान हलवली. तिचे हात खाली लोंबत होते. मला खुणा करणारे ते हात खांब लागल्यापासून एकदाही मागे आले नव्हते, हे मला तेव्हा दिसलं.

तिसऱ्यांदा ती पूर्णच माझ्याकडे तोंड करून उभी राहिली, बॉलकडे पाठ करून. "पल्लवी, हे कोणाचं ग्राउंड आहे?"

त्या क्षणी काय काय डोक्यात आलं ते नीट सांगता येणार नाही. प्रिन्सिपॉल सर आले. राहनाळच्या बहिणी आल्या, भाताच्या पेंढ्या आल्या. थोडासाच वेळ उरला होता हे मला माहीत होतं. ती नुसती उभी राहिली असती तरी सात भरल्या असत्या. आणि मी तिच्याकडे बघितलं. कित्येक दिवसांत मी तिच्याकडे असं बघितलंच नव्हतं. मोजता मोजता माझ्या नजरेला सातातली एक तेवढी दिसत होती. आता रुखसार दिसली. तिच्या एका डोळ्याची बाहुली मोठी झाली होती की मलाच तसा भास झाला, कोण जाणे.

मी गोल सोडून पुढे आले. दोन्ही हात वर केले आणि जिवाच्या आकांताने मॅडमना हाक मारली. समोरच्या टीममधल्या एका मुलीच्या पायात बॉल होता. माझ्यामागे गोल मोकळा पडला होता. तिने बॉल मारला नाही. पायाखाली दाबून ती तशीच उभी राहिली.

मॅडम मैदानात पळत आल्या. त्यांना तसं आत येता येत नाही, रेफरी हात करून सांगत होते, त्यांनी तिकडे पाहिलंही नाही.

"मॅडम, मी ठीक आहे," रुखसार म्हणाली. "हिला सांगा गोलमध्ये जायला. गोल खाली है."

मॅडमनी तिचे दोन्ही दंड धरले. "रुखसार, सकाळी गाडीत माझ्या शेजारी कोण बसलं होतं?"

तीच बसली होती. ती विचार करत राहिली. ओठ हलले, पण नाव आलं नाही.

मॅडम रेफरींना म्हणाल्या, "हिला मी बाहेर नेतेय."

"मॅडम, मग सहाच राहतात. मॅच इथेच संपेल. फारच थोडा वेळ राहिलाय, तुम्ही बघा."

"मला माहीत आहे किती राहिलाय. संपू दे."

रेफरींनी शिट्टी वाजवली. पलीकडे सुगंधा होती तिथेच गवतावर खाली बसली.

पुढचं आधी सांगून टाकते. रुखसारच्या डोक्याला सूज होती. रक्तस्राव नव्हता. भिवंडीत हॉस्पिटलमध्ये स्कॅन होईपर्यंत आम्ही सगळ्या जर्सी घालूनच बाकांवर बसून होतो. तिचा मोठा भाऊ लूमवरून तसाच आला होता, केसांत कापूस. तो डॉक्टरांशी बोलून आला आणि मॅडमसमोर उभा राहिला. मला वाटलं आता ओरडणार. तो म्हणाला, "मॅडम, डॉक्टर बोल रहे, और एक बार लगता तो मुश्किल था. आपने रोका, अच्छा किया." मॅडमनी माझ्याकडे बोट दाखवलं. "मी नाही. हिने." त्याने माझ्याकडे बघितलं. खाली जाऊन आम्हा सगळ्यांसाठी चहा घेऊन आला.

पण रुखसार चिडली. त्या दिवसातलं सकाळपासूनचं तिला काहीच आठवत नव्हतं, आजही आठवत नाही. मॅच मी थांबवली हे तिला इतरांकडून कळलं. दिवाळी होऊन गेली तरी ती माझ्याशी बोलेना. मग एक दिवस लायब्ररीच्या पायऱ्यांवर येऊन बसली. म्हणाली, "तेवढ्याशा वेळात काय झालं असतं?"

"मला नाही माहीत."

"कुछ नहीं होता."

"नसतंही झालं. मला नाही माहीत, रुखसार."

मग म्हणाली, "सगळी मेहनत मी केली आणि शेवटचा दिवस तेवढा माझ्याकडे नाहीये. तुझ्याकडे आहे. त्याचाच राग येतो." एवढं बोलून तिने माझ्या डब्यातली पोळी घेतली. बोलणं सुरू झालं ते असं.

प्रिन्सिपॉल सरांनी शब्द पाळला. पुढच्या वर्षी मुलींची टीम नव्हती. मॅडम त्यांच्याकडे दोनदा जाऊन आल्या, उपयोग झाला नाही. मधे बरीच वर्षं गेली. आता पुन्हा मुली खेळतात म्हणे, माझी भाची सांगत होती. सुगंधा अंगणवाडीत लागली, तिला दोन मुलं आहेत. रुखसार एका शाळेत शिकवते, आणि पावसानंतर ऊन तापायला लागलं की तिचा फोन येतो. कालही आला. "चालू झाला का तुझा सीझन? चल, सांग मॅच." आणि मी सांगते. कॉर्नर सांगते, मॅडमचं धावणं सांगते, बॉल पायाखाली दाबून थांबलेली ती मुलगी सांगते. तेवढ्याशा वेळात काहीच झालं नसतं, असंही असेल. ते कळायचा मार्ग मीच बंद केला. कधी कधी शिफ्ट मोजता मोजता मी थांबते आणि तोच प्रश्न पडतो. पुन्हा करावं लागलं तर पुन्हा तेच करीन, हे माहीत असूनही पडतो.

पण मला तिला दरवेळी शेवटी सांगावासा वाटतो तो इकोमधला रस्ता.

मैदानाजवळच्या डॉक्टरांनी तिच्या डोळ्यांत बॅटरी मारून पाहिली आणि म्हणाले, स्कॅन करायलाच हवा, लगेच निघा, वाटेत हिच्याशी बोलत राहा, बोलणं अडखळलं तर मला फोन करा. आम्ही निघालो. कोनगाव सोडलं आणि गाडी अडकली. पुढे मागे कंटेनर. रुखसार माझ्या आणि सुगंधाच्या मधे बसली होती. मॅडम पुढे, ड्रायव्हरशेजारी, सारख्या मागे वळून बघत होत्या.

"किती झाले?" रुखसारने विचारलं.

"पाच-शून्य," मी म्हटलं. "हरलो."

तिचा चेहरा पडला. डोळे भरून आले. मग हळूहळू ते सगळं पुसलं गेलं, तिने खिडकीबाहेर पाहिलं, परत माझ्याकडे वळली आणि विचारलं, "किती झाले?" मी पुन्हा सांगितलं, आणि पुन्हा तिचा चेहरा पडला, अगदी पहिल्यांदा ऐकल्यासारखा. तिसऱ्यांदा मला ते बघवेना. मी म्हटलं, "तीन-शून्य."

पुढच्या वेळी दोन-शून्य. मग एक-शून्य. गाडी तेवढ्यात दोन ट्रकांइतकी पुढे सरकली होती. त्यानंतर तिने विचारलं तेव्हा मी बोलायच्या आत सुगंधा म्हणाली, "एक-एक. मी मारला." गाडीत कोणी हसलं नाही. सगळ्या जणी गंभीरपणे माना हलवत होत्या. रुखसारने सुगंधाच्या मांडीवर थाप मारली.

रांजणोलीला येईपर्यंत आम्ही दोन-दोनवर आलो होतो.

तिथे तिला काय वाटलं कोण जाणे. तिने आमच्यापैकी एकेकीकडे बघितलं आणि पुढे वाकून विचारलं, "मॅडम, तुमी सांगा. किती झाले?"

आम्ही सगळ्या मॅडमकडे बघायला लागलो. म्हात्रे मॅडम वर्गात दशांश चिन्हापुढचा तिसरा आकडा चुकला तरी गुण कापणाऱ्या. त्या मागे वळल्या. हातात छत्री घट्ट धरलेली.

"तीन-दोन," त्या म्हणाल्या. "आपण जिंकलो."

"तिसरा कोणी मारला?"

मॅडमना आमच्यातली कोण कुठे खेळते ते शेवटपर्यंत कळलं नव्हतं. "तूच मारलास," त्या म्हणाल्या.

रुखसारच्या कपाळाला आठी पडली. ती माझ्याकडे वळली, आणि त्या दुपारी पहिल्यांदाच तिच्या आवाजात कॅप्टनचा राग आला.

"मी पुढे कशाला गेले होते? मग मागे कोण होतं?"

"मी होते ना," मी म्हटलं.